मानवशास्त्र : संकल्पना, शाखा आणि आपण

(विद्यार्थी मार्गदर्शन व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मानवशास्त्रासारख्या, आपल्याकडे फारशा परिचित नसलेल्या विषयावर बोलण्याची संधी आपल्या संस्थेने मला दिली, याबद्दल मी प्रथम आभार मानतो. बारावीनंतर काय करायचे, असा प्रश्न आला की आपल्या घरांत इंजिनिअरिंग, मेडिकल, डी.एड., बी.एड. आणि बँकेच्या परीक्षा यांची चर्चा होते. मानवशास्त्राचे नाव सहसा कोणी काढत नाही. काढलेच तर "आदिवासींचा अभ्यास करतात ते ना?" एवढ्यावर विषय संपतो. हे उत्तर अपुरे आहे. शिवाय या शास्त्राचा आपल्याशी असलेला संबंध फार जुना आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने आपला पहिला महत्त्वाचा शोधनिबंध वाचला, तो मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. विषय होता, भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. त्या निबंधाकडे मी पुढे येणारच आहे. तो नीट समजण्यासाठी आधी या शास्त्राची ओळख करून घेऊ.

मानवशास्त्र म्हणजे काय?

ग्रीक भाषेत 'अँथ्रोपॉस' म्हणजे माणूस आणि 'लोगॉस' म्हणजे विवेचन. या दोन शब्दांपासून 'अँथ्रोपॉलॉजी' हा शब्द तयार झाला. मराठीत त्याला मानवशास्त्र म्हणतात, काही जण मानववंशशास्त्रही म्हणतात. मला पहिला शब्द अधिक योग्य वाटतो. दुसऱ्या शब्दामुळे हे फक्त वंशाचे शास्त्र आहे असा समज होतो, आणि वंश या कल्पनेनेच या शास्त्राला एकेकाळी आडमार्गाला नेले होते.

माणसाचा अभ्यास इतर शास्त्रेही करतात. अर्थशास्त्र त्याचा व्यवहार पाहते, वैद्यक त्याचे शरीर, इतिहास त्याचा लिखित भूतकाळ. मानवशास्त्राचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे समग्र दृष्टी. माणसाचे शरीर, भाषा, कुटुंब, श्रद्धा, अवजारे आणि अन्न ही एकमेकांत गुंतलेली आहेत, असे मानून हे शास्त्र चालते. दुसरी म्हणजे तुलना. एका समाजात जे 'नैसर्गिक' वाटते ते दुसऱ्या समाजात आढळत नाही. हे दिसले की ते निसर्गाने दिलेले नसून माणसाने घडवलेले आहे, हे लक्षात येते.

काही मूलभूत संकल्पना

पहिली संकल्पना संस्कृती. बोलीभाषेत आपण 'सुसंस्कृत माणूस' म्हणतो तेव्हा शिकलेला, सभ्य असा अर्थ असतो. मानवशास्त्रातला अर्थ तो नाही. एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने १८७१ साली आपल्या ग्रंथात संस्कृतीची व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो ते सगळे त्याने तिच्यात घेतले. या व्याख्येतील 'आत्मसात करतो' हे शब्द महत्त्वाचे आहेत. संस्कृती रक्तातून येत नाही, ती शिकावी लागते.

याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. तहान लागणे ही शरीराची गोष्ट आहे. ती साऱ्या माणसांना सारखीच लागते. पण कोणत्या तळ्याचे पाणी कोणी प्यावे आणि कोणाच्या स्पर्शाने ते बाटते, हे शरीर सांगत नाही, संस्कृती सांगते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते या दृष्टीने पाहा. त्या दिवशी ओंजळीने पाणी पिणाऱ्यांनी एक शिकवलेली गोष्ट मोडून काढली. जे शिकवले जाते ते विसरताही येते आणि बदलताही येते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर लाखो कुटुंबांनी देव्हारा, सण, लग्नविधी, मुलांची नावे हे सारे एका पिढीच्या आत बदलले. सांस्कृतिक परिवर्तन हा मानवशास्त्राचा आवडता विषय आहे, आणि त्याचे एवढे मोठे, ठरवून केलेले उदाहरण आपल्या घरांतच आहे.

दुसरी संकल्पना स्वसंस्कृतिकेंद्रितता. आपली रीत तीच खरी आणि दुसऱ्याची ती मागासलेली, असे प्रत्येक समाजाला वाटते. मानवशास्त्राच्या सुरुवातीच्या काळात अभ्यासकही यातून सुटले नव्हते. अमेरिकेतील लुईस मॉर्गन यांनी १८७७ साली मानवजातीच्या वाटचालीचे वन्य, रानटी आणि सुसंस्कृत असे टप्पे मांडले, आणि वरच्या पायरीवर युरोप-अमेरिकेला बसवले. या मांडणीला पुढे फ्रान्झ बोआस यांनी जोरदार विरोध केला. प्रत्येक संस्कृती तिच्या स्वतःच्या इतिहासातून आणि परिस्थितीतून समजून घेतली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. यालाच सांस्कृतिक सापेक्षता म्हणतात.

येथे विद्यार्थी नेहमी एक शंका विचारतात. प्रत्येक संस्कृती तिच्या जागी योग्य असेल तर अस्पृश्यतेलाही योग्य म्हणायचे का? उत्तर स्पष्ट आहे, नाही. एखादी प्रथा समजून घेणे ही अभ्यासाची पद्धत आहे. त्या प्रथेला संमती देणे ही वेगळी गोष्ट आहे. डॉक्टर रोगाचा अभ्यास करतो तो रोग टिकावा म्हणून करत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'संस्कृती' म्हणून जे सांगितले जाते ते त्या समाजातील सर्वांना मान्य असतेच असे नाही. कोणाच्या तोंडून ती सांगितली जात आहे, पाटलाच्या की गावकुसाबाहेरच्या माणसाच्या, पुरुषाच्या की बाईच्या, हे विचारलेच पाहिजे.

तिसरी संकल्पना नातेसंबंध. इंग्रजीतला 'अंकल' मराठीत काका असतो, मामा असतो, मावशीचा नवरा असतो आणि आत्याचा नवराही असतो. आपण ही नाती वेगळी का ठेवतो? कारण आपल्या समाजात त्यांचे हक्क आणि कर्तव्ये वेगळी आहेत. काका भाऊबंदकीतला, मामा सोयरा. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालते, तर उत्तर भारतात तीच मुलगी बहीण मानली जाते. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थेचे असे प्रादेशिक विभाग पाडून दाखवले. महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला दुवा कसा आहे, हे त्यातून दिसते.

याच्याशी जोडलेल्या दोन संज्ञा पाठ करून ठेवा, कारण पुढचे विवेचन त्यांच्यावरच उभे आहे. ठरावीक गटाच्या बाहेरच लग्न करायचे, या नियमाला बहिर्विवाह म्हणतात. सगोत्र विवाह न करणे, एका देवकात सोयरीक न जुळवणे हे त्याचे प्रकार. वड, उंबर, कळंब, पानकणीस अशी देवके आपल्याकडे अनेक समाजांत आहेत. जगभरच्या कुलचिन्हांशी त्यांचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. याउलट ठरावीक गटाच्या आतच लग्न करायचे, या नियमाला अंतर्विवाह म्हणतात. जात टिकते ती या नियमावर.

शेवटची गोष्ट पद्धतीची. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधील ट्रोब्रिअँड बेटांवर दीर्घकाळ राहिले, तेथील भाषा शिकले आणि लोकांच्या रोजच्या जगण्यात मिसळून त्यांनी नोंदी केल्या. १९२२ साली त्यांचा ग्रंथ आला. तेव्हापासून सहभागी निरीक्षण ही या शास्त्राची ओळख बनली. वाचनालयात बसून दुसऱ्याविषयी लिहिण्यापेक्षा त्याच्या ओसरीवर बसून त्याचे ऐकणे, असे तिचे साधे वर्णन करता येईल.

चार शाखा

मानवशास्त्राच्या मुख्य शाखा चार मानल्या जातात.

पहिली शारीरिक किंवा जैविक मानवशास्त्र. माणूस कसा उत्क्रांत झाला, माणसामाणसांत शारीरिक फरक का आहेत, हे ती पाहते. १९७४ साली इथिओपियात सापडलेला 'ल्युसी'चा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा आहे. आपल्यासारख्या माणसाचे सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे असून ते आफ्रिकेतच मिळाले आहेत. भारतात १९८२ साली अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोरा येथे प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. आज पृथ्वीवर असलेली सारी माणसे आफ्रिकेतून पसरलेल्या एकाच मानवजातीची आहेत, यावर अभ्यासकांचे एकमत आहे.

या शाखेचा आपल्या आरोग्याशीही संबंध आहे. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर काही जातींतही त्याचे वाहक आहेत. जेथे पिढ्यानपिढ्या हिवताप होता तेथे हा गुणधर्म टिकून राहिला, कारण त्याच्या वाहकाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. वाहक स्वतः सहसा निरोगी असतो. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लहानशा गटातच लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. म्हणजे हिवतापाचा डास, रक्तपेशी आणि सोयरिकीचे नियम या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. लग्नाआधी पत्रिका पाहण्याऐवजी रक्ताची तपासणी करून घ्या, एवढा व्यवहारी सल्ला मी आजच्या तरुणांना देईन.

दुसरी शाखा पुरातत्त्वीय मानवशास्त्र. जेथे लिहिलेले काही नाही तेथे मडकी, हाडे, धान्याचे जळके दाणे बोलतात. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव तेथे उजेडात आले. ते लोक सातू पिकवत, गुरे पाळत. लहान मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. प्रौढांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले आढळतात. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. ते गावप्रमुखाचे असावे असे अभ्यासक मानतात. राजेरजवाडे आणि ताम्रपट यांच्या इतिहासात सामान्य कष्टकऱ्याला जागा नसते. त्याचे घर, चूल आणि मूल यांचा इतिहास या शाखेला सापडतो.

तिसरी भाषिक मानवशास्त्र. भाषेतून समाज कसा दिसतो, भाषा कशा जन्मतात आणि का मरतात, हे ती पाहते. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आणि लगतच्या मध्य प्रदेशात निहाली नावाची भाषा बोलली जाते. तिचा जगातील कोणत्याही भाषाकुलाशी निश्चित संबंध जोडता आलेला नाही. बोलणारे अगदी थोडे उरले आहेत. २०१० साली अंदमानातील बो भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती वारली आणि ती भाषा संपली. आपल्या गावच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. या शास्त्राच्या दृष्टीने कोणतीही बोली अशुद्ध नसते.

चौथी आणि सर्वांत विस्तृत शाखा सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र. कुटुंब, विवाह, धर्म, सत्ता, देवाणघेवाण, जात हे तिचे विषय. आजवर सांगितलेल्या बहुतेक संकल्पना याच शाखेच्या.

या चार शाखांतून मिळालेले ज्ञान प्रत्यक्ष प्रश्नांसाठी वापरणे याला उपयोजित मानवशास्त्र म्हणतात. धरणग्रस्तांचे पुनर्वसन, कुपोषण, लसीकरण, न्यायवैद्यकात सांगाड्यावरून वय आणि लिंग ठरवणे अशी अनेक क्षेत्रे त्यात येतात. माणसे आपल्या गावात कशी राहतात, शेजार कसा ठेवतात, गुरे कोठे बांधतात हे न पाहता केवळ नकाशावर रेघा मारून गाव बसवले तर पक्की घरे मिळूनही लोक सुखी होत नाहीत.

९ मे १९१६ चा निबंध

आता आपण बाबासाहेबांच्या निबंधाकडे येऊ. कोलंबियात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. त्याबरोबर त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र यांचेही अभ्यासक्रम घेतले. आता ज्यांचा उल्लेख केला ते फ्रान्झ बोआस त्या काळी कोलंबियातच शिकवत होते. त्यांचे शिष्य डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात हा निबंध वाचला गेला आणि मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला.

जातीवर त्याआधी पुष्कळ लिहिले गेले होते. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या बाबासाहेबांनी एकेक करून तपासल्या. कोणी विटाळाला जातीचे मूळ मानले होते, कोणी व्यवसायाला, कोणी वंशाला. त्यांनी वेगळाच मुद्दा उचलला. भारतातील लोक अनेक वंशांच्या मिश्रणातून बनलेले असले तरी त्यांची संस्कृती एक आहे. मग एकसंध समाजाचे तुकडे झाले कसे? त्यांचे उत्तर असे की, मूळ नियम बहिर्विवाहाचा होता आणि त्याच्यावर अंतर्विवाह लादला गेला, तेथे जात जन्मली.

पुढची मांडणी गणितासारखी आहे. एखाद्या गटाने आतच लग्ने करायची ठरवली तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारख्या संख्येने हवेत. नवरा वारला तर बायको 'जादा' ठरते. तिने गटातच पुन्हा लग्न केले तर एका कुमारिकेचा वाटा जातो. बाहेर केले तर कुंपण मोडते. म्हणून तिला नवऱ्याच्या चितेवर जाळणे किंवा सक्तीचे वैधव्य लादणे हे दोन मार्ग निघाले. बायको वारली तर पुरुष 'जादा' होतो. पण सत्ता त्याच्या हाती असल्याने त्याला जाळणे शक्य नव्हते आणि जन्मभर ब्रह्मचारी ठेवणेही अवघड होते. मग अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलीशी त्याचे लग्न लावायचे, म्हणजे बालविवाह. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथांचे मूळ त्यांनी एकाच सूत्रात दाखवले. स्त्रीच्या देहावर आणि मनावर ताबा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही, हे पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने तेव्हाच ओळखले होते.

मग ही गोष्ट सर्वत्र पसरली कशी? मनूने कायदा केला आणि जाती झाल्या, हे त्यांना मान्य नव्हते. कोणा एका माणसाच्या हुकुमाने एवढी व्यवस्था उभी राहत नाही. वरच्या वर्गाने स्वतःभोवती कुंपण घातले, खालच्यांनी त्याचे अनुकरण केले. ज्यांनी अनुकरण केले नाही तेही बाहेर ठेवले गेल्यामुळे आपोआप वेगळे पडले. जातीतून बहिष्कृत केलेल्यांचीही पुन्हा नवी जात बनत गेली. आपल्या आजूबाजूला पोटजातींचे भेद कसे तयार होतात हे पाहिले की या विवेचनाचे मर्म कळते.

नाकाचे माप आणि माणसाचे मोल

याच काळात भारतात सरकारी पातळीवर दुसऱ्याच प्रकारचे मानवशास्त्र चालू होते. हर्बर्ट रिस्ले हे इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख होते. नाकाची रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण काढून त्यांनी असा दावा केला की, नाक जितके रुंद तितका जातीचा दर्जा खाली. म्हणजे सामाजिक उच्चनीचतेला त्यांनी हाडामांसाचा आधार दिला. हे मोजमाप ज्यांच्यावर झाले त्यांना कोणी काही विचारले नाही.

पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली आपल्या ग्रंथात हीच आकडेवारी तपासली, तेव्हा उत्तर प्रदेशाच्या भागाबाहेर तो मेळ बसत नाही असे दिसले. बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण होते' या १९४८ सालच्या ग्रंथात या मापांचा आधार घेऊन सरळ प्रश्न केला की, मोजमाप खरे मानले तर ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरतात का? ठरत नाहीत, असे त्यांनी आकड्यांनीच दाखवले. मराठा आणि महार यांच्यातील कुळे सारखीच आहेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. ज्या शास्त्राने आपल्याला हीन ठरवू पाहिले त्याच शास्त्राची साधने हाती घेऊन त्यांनी तो दावा खोडला.

असेच धैर्य इरावती कर्वे यांनी दाखवले होते. त्या जर्मनीला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवट्यांवर संशोधन केले. फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे, पुढे नाझी राजवटीचे समर्थक. कवटीच्या ठेवणीचा वंशाशी संबंध आहे असे त्यांचे गृहीतक. कर्वे यांनी मापे घेतली आणि तसा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध.

बोआस यांनीही अमेरिकेत स्थलांतरित कुटुंबांच्या हजारो व्यक्तींची मापे घेऊन १९११-१२ च्या सुमारास दाखवले की, परिस्थिती बदलली की एका पिढीत डोक्याचा आकारही थोडा बदलतो. १९७२ साली रिचर्ड लेवाँटिन या जनुकशास्त्रज्ञाने मांडले की, माणसामाणसांतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. म्हणजे दोन तथाकथित वंशांतील फरकापेक्षा एकाच वस्तीतल्या दोन शेजाऱ्यांतील फरक बहुधा अधिक भरतो. नाकावरून माणसाची प्रत ठरवण्याचा आधारच त्यामुळे कोसळला.

आणि जातीचे काय? २०१३ साली हैदराबाद आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतातील ७३ लोकसमूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील लोक एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. नंतर ते मिसळणे थांबत गेले आणि अंतर्विवाह रूढ झाला. २०१६ साली पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संशोधकांनी हा बदल सुमारे ७० पिढ्यांपूर्वी झाला असावा असे मांडले. तो का झाला हे जनुके सांगत नाहीत, ते समाजाच्या अभ्यासातूनच कळेल. पण आधी मिसळ आणि नंतर कुंपण, हा क्रम १९१६ च्या निबंधात होता. तो मांडणाऱ्याच्या हाती प्रयोगशाळा नव्हती, विचारशक्ती होती. शंभर वर्षांनी प्रयोगशाळा त्याच क्रमापर्यंत आली.

आपण काय करावे?

मित्रहो, या शास्त्राचा इतिहास स्वच्छ नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी यांच्यासारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. जमातींचे 'स्वभाव' लिहून ठेवणारी त्या काळची पुस्तके अशा कायद्यांच्या मदतीला होती. दुसऱ्या बाजूला भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण या १९४५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९८५ पासून डॉ. कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली देशातील ४,६३५ समुदायांची नोंद केली. शास्त्र तेच आहे. ते कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी, यावर त्याचे फळ अवलंबून असते. म्हणून आपली मुले या क्षेत्रात यायला हवीत. आजवर मोजपट्टी दुसऱ्यांच्या हाती होती आणि आपण मोजले जात होतो.

संधीही आहेत. पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज आहे, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि सर्वेक्षणाचे केंद्र नागपुरातच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मानवशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तो घेता येतो.

परंतु पदवीची वाट न पाहता प्रत्येकाला करता येईल असे एक काम मी सुचवतो. १९५६ साली जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. धर्मांतराआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही जगणे पाहिलेली ही शेवटची पिढी आहे. दोनशे पानी वही घ्या आणि आपल्या घरापासून सुरुवात करा. चार पिढ्यांची वंशावळ लिहा. त्यात सुनांची माहेरची नावे आणि गावे विसरू नका, कारण वंशावळीतून बायका नेहमी गळतात. कोण कोणत्या साली गाव सोडून गिरणीत, रेल्वेत, लष्करात किंवा गोदीत गेले ते लिहा. पाणी कोठून भरावे लागे, मेलेल्या गुरांचे काम कोणत्या वर्षी आणि कोणी बंद केले, देव्हाऱ्यातले देव काढले त्या दिवशी घरात कोण काय बोलले, कोण रडले, हे सारे लिहा. आजीचे शब्द आजीच्याच बोलीत उतरवा, शुद्ध करू नका. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या रचणाऱ्या बायांपैकी कितीतरी जणींना लिहिता येत नव्हते.

नोंद करताना तीन पथ्ये पाळा. आधी परवानगी घ्या. जे सांगितले तेच लिहा, आपल्याला आवडेल ते नको. आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. संस्थेच्या वाचनालयात एक कपाट अशा वह्यांसाठी राखून ठेवावे, अशी माझी पदाधिकाऱ्यांना नम्र विनंती आहे. दहा वर्षांनी एखादा संशोधक आपल्या वस्तीत आला तर त्याला ते कपाट उघडून दाखवता येईल. तो संशोधक याच सभागृहातला एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असावी, अशी इच्छा व्यक्त करतो आणि माझे भाषण संपवतो.



जय भीम.